ट्रकच्या धडकेची भरपाई : एका कायद्याचा इतिहास

ट्रकच्या धडकेत हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला भारतात आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. ट्रकचा विमा चालू असेल, तर मंजूर झालेली रक्कम ट्रकमालकाऐवजी बहुधा विमा कंपनी भरते. ही व्यवस्था एका फटक्यात उभी राहिलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी जोडली गेली, मध्येच काही तुकडे निखळले आणि पुन्हा बसवले गेले. या जोडाजोडीत कायद्याला सर्वांत जास्त पेचात टाकले ते मालवाहू ट्रकने. ट्रकचा मालक पुष्कळदा एकदोन गाड्यांचा धनी असतो, आणि त्या गाड्याही कर्जावर घेतलेल्या असतात. चालक पगारी, क्लीनर त्याहून गरीब. गाडीची नोंदणी एका राज्यात, माल दुसऱ्या राज्यातला आणि धडक तिसऱ्याच राज्यात. अशा वेळी दोष सिद्ध होऊनही जखमी माणसाच्या हातात दमडी पडत नसे. ‘चूक कोणाची?’ या प्रश्नावरून ‘पैसे कोण देणार?’ या प्रश्नापर्यंत यायला भारतीय कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

सुरुवात इंग्लंडच्या एका घोडागाडीपासून होते. १८०८ साली एक प्रवासी घोडागाडी उलटली, एका गृहस्थाची पत्नी जबर जखमी झाली आणि महिनाभराने दगावली. त्याच्या दाव्यात न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी असा दंडक घातला की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानी नव्हे. पतीला भरपाई मिळाली ती पत्नी जिवंत असेपर्यंतच्या काळापुरती. म्हणजे गाडीवानाने माणूस जखमी केला तर पैसे भरायचे आणि ठार केला तर सुटायचे, असा हा उफराटा न्याय होता. ब्रिटिश संसदेने १८४६ मध्ये कायदा करून तो बदलला, आणि त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम आला. त्यानुसार मृताची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना भरपाई मागता येऊ लागली. भावंडांचा उल्लेख त्यात नव्हता. एकत्र कुटुंबाच्या देशात ही उणीव मोठी होती, आणि ती पुढे बराच काळ तशीच राहिली.

जखमी होऊन वाचलेल्या माणसाला मात्र साध्या दिवाणी दाव्याचाच रस्ता होता. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरायची, चालकाचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्याने सिद्ध करायचा, मग हुकूमनामा हातात घेऊन मालकाच्या मालमत्तेचा शोध घ्यायचा. अंथरुणाला खिळलेल्या हमालाला किंवा बैलगाडीवानाला हे झेपणे शक्यच नव्हते. १९१४ च्या मोटार कायद्याने गाड्यांची नोंदणी आणि चालकांचा परवाना यांची घडी बसवली. अपघातात सापडलेल्याच्या भरपाईची सोय त्यात नव्हती. मोटारी तेव्हा संस्थानिकांच्या, साहेबांच्या आणि शेठसावकारांच्या. त्यांच्याकडून पैसे वसूल होत नाहीत, ही तक्रार उठायला मोटार धंद्याची वस्तू व्हावी लागली.

ब्रिटनने १९३० मध्ये मोटारीसाठी विमा सक्तीचा केला. हा विमा गाडीच्या नुकसानीचा नव्हता. गाडीमुळे रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला इजा झाली तर ती भरून देण्यासाठी तो होता. बोलीभाषेत आज ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो हाच. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात ही सक्ती आली. कायदा झाला आणि महायुद्ध सुरू झाले. विम्याचे प्रकरण प्रत्यक्षात लागू झाले ते १ जुलै १९४६ पासून.

योगायोग असा, की मालवाहतुकीचे चित्रही त्याच सुमारास पालटत होते. युद्ध संपल्यावर लष्कराचे जुने ट्रक विक्रीला निघाले आणि खासगी वाहतुकीत उतरले. १९५४ मध्ये टेल्को कंपनीने जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. रेल्वेकडे जाणारा माल रस्त्यावर येऊ लागला. घाटातून, गावठाणातून आणि बाजारपेठेतून जाणारे रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले होते.

१९३९ च्या कायद्यात विमा होता, पण त्याला झाकण होते. मालवाहू गाडीच्या विमा कंपनीची जबाबदारी एकूण २०,००० रुपयांपर्यंतच मर्यादित होती. त्यावरची रक्कम मालकाकडून वसूल करायची, म्हणजे जखमीचे दैव आणि मालकाची ऐपत. ही मर्यादा १९६९ च्या दुरुस्तीने ५०,००० आणि १९८२ च्या दुरुस्तीने दीड लाख रुपये झाली. अधल्यामधल्या काळात महागाई किती वाढली हे पाहिले, की ही वाढ म्हणावी की नुसते ठिगळ, असा प्रश्न पडतो.

दुसरी मोठी सुधारणा १९५६ ची. त्या वर्षीच्या दुरुस्तीने राज्यांना मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार मिळाला. दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक प्रक्रियेऐवजी साधा अर्ज, मोठ्या कोर्ट फीचे ओझे कमी आणि चौकशी थोडक्यात, असा बेत होता. प्रत्यक्षात बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा न्यायाधीशच न्यायाधिकरण म्हणून काम पाहू लागले, त्यामुळे दालन तेच, वकील तेच आणि तारखाही त्याच. तरीही दार उघडले हे खरे. अर्जाची मुदत मात्र अपघातापासून अवघी ६० दिवसांची होती. मांडीचे हाड मोडलेला माणूस ६० दिवसांत प्लास्टरमधूनही बाहेर येत नाही. ही मुदत १९६९ च्या दुरुस्तीने सहा महिने झाली. तिची कहाणी पुढे दोनदा पुन्हा डोके वर काढते.

गरिबाला हे दार किती उघडे होते, हे १९७९ च्या एका प्रकरणात दिसले. हरियाणात सरकारी बसखाली सापडून मेलेल्या एका माणसाच्या विधवेने आणि मुलीने भरपाई मागितली. उच्च न्यायालयाने त्यांना कोर्ट फीतून सूट दिली, तर राज्य सरकारच त्या सवलतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारची कानउघाडणी केली. अकिंचनांना फीशिवाय दावा चालवू देण्याची दिवाणी संहितेतली तरतूद या न्यायाधिकरणांनाही लागू आहे, असा निर्णय झाला.

विम्याच्या मर्यादेला पहिली मोठी फट पाडली ती न्यायालयाने. १९६६ साली गुजरातमध्ये एक मोटार आणि मालट्रक यांची टक्कर झाली. मोटारीचा चालक ठार झाला आणि आतला प्रवासी जखमी झाला. विमा कंपनीचे म्हणणे असे, की अपघात एकच, तेव्हा सर्वांना मिळून २०,००० रुपये. प्रकरण १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यापुढे आले. पुण्यात शिकलेल्या या न्यायाधीशांनी ‘एक अपघात’ या शब्दांकडे ट्रकच्या बाजूने न पाहता जखमीच्या बाजूने पाहिले. टक्कर एक असली तरी त्यात सापडलेल्या प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा अपघात झालेला असतो, म्हणून मर्यादा प्रत्येकाला वेगळी मोजायची. कायद्यातला एकही शब्द न बदलता विम्याची जबाबदारी माणसागणिक वाढली. अर्थ लावण्याचे असे कसब आपल्याकडच्या निकालपत्रांत वारंवार दिसते, आणि संसदेने वेळेवर काम केले असते तर त्याची एवढी गरज पडली नसती, हेही खरे.

पैसे कोण देणार हे ठरत चालले असले, तरी चूक कोणाची हा प्रश्न सुटला नव्हता. १९७७ मध्ये मुंबईतल्या एका टक्करीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालकावर आणि म्हणून विमा कंपनीवरही जबाबदारी येत नाही. ‘गाडीत अचानक बिघाड झाला’ एवढे म्हणून मालकाला सुटता येणार नाही, देखभालीची सर्व काळजी घेतली होती हे त्याने दाखवावे लागेल, असेही न्यायालय म्हणाले. तरी मूळ ओझे जखमीच्याच खांद्यावर राहिले. रात्री दोन वाजता महामार्गावर उडवल्या गेलेल्या माणसाने साक्षीदार कुठून आणायचा? आणि ट्रक थांबलाच नाही, क्रमांकही कोणी पाहिला नाही, तर दावा तरी कोणावर लावायचा?

या दुसऱ्या प्रश्नावर विधी आयोगाने १९७२ मध्ये आपल्या एक्कावन्नाव्या अहवालात विचार केला होता. आयोगाचे अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. १९८० च्या पंच्याऐंशीव्या अहवालात संपूर्ण भरपाई प्रकरणाचाच फेरविचार झाला. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभराहून अधिक खासगी कंपन्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. भरपाई नाकारणारी कंपनी आता सरकारचीच होती, आणि न्यायमूर्तींच्या टीकेचा सूर त्यामुळे अधिक तिखट होत गेला.

१९८२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. एक, दोष कोणाचाही असो, मृत्यू झाल्यास १५,००० रुपये आणि कायमचे अपंगत्व आल्यास ७,५०० रुपये तातडीने द्यायचे. दोन, धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाच्या बळींसाठी एक निधी, आणि त्यातून मृत्यूसाठी ५,००० तर गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये. रकमा तुटपुंज्या होत्या. पण दोषाचा पुरावा न मागता पैसे देण्याचे तत्त्व त्यांच्या मागून कायद्यात शिरले होते.

त्यानंतरच्या दशकात लढाई सरकली ती विमा कंपनीच्या पळवाटांकडे. पॉलिसीत अट असे, की गाडी परवानाधारक चालकानेच चालवावी. ट्रकच्या बाबतीत ही अट मोडायला फार कारण लागत नाही. गुजरातमधल्या एका प्रकरणात ट्रकचालक इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानातून खायला आणायला गेला. केबिनमध्ये बसलेल्या विनापरवाना क्लीनरने गाडी हाकली आणि माणूस मेला. विमा कंपनीने अट मोडल्याचे सांगून हात वर केले. १९८७ मध्ये न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी ते मानले नाही. मालकाने परवानाधारक चालक नेमला होता. क्लीनरच्या हाती गाडी द्या असे त्याने सांगितले नव्हते. अट मोडली ती मालकाने जाणूनबुजून मोडली पाहिजे, तरच कंपनी सुटेल. या निकालामागचा विचार साधा होता. विम्याची सक्ती रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, आणि कंपनी व मालक यांच्यातल्या करारातल्या भानगडींची किंमत त्या माणसाने का मोजावी? २००४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच विचार पुढे नेला. चालकाचा परवाना बनावट किंवा मुदत संपलेला निघाला, तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, अशी वाट त्यातून रुळली. वकिली बोलीत तिला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात.

जुना कायदा जाऊन १ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला. मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी विम्यावरची वरची मर्यादा त्याने काढून टाकली. न्यायाधिकरण ठरवील ती संपूर्ण रक्कम आता कंपनीने द्यायची होती. ट्रकच्या धडकेत सापडलेल्यासाठी या इतिहासातला हा सर्वांत मोठा एकच बदल म्हणावा लागेल, जरी त्याची चर्चा फारशी झाली नाही. अर्जाची मुदत सहा महिनेच राहिली. उलट, कितीही सबळ कारण असले तरी बारा महिन्यांनंतर अर्ज घ्यायचाच नाही, असे नव्या कायद्याने ठरवले.

ही चूक सुधारायला पाच वर्षे लागली. १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुदतीचे कलमच उडवले. त्याच दुरुस्तीने जखमीला आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुभा दिली. साताऱ्याच्या माणसाला गुजरातच्या महामार्गावर हरियाणाच्या ट्रकने उडवले, तर त्याने आता साताऱ्यातच दाद मागावी. आंतरराज्य मालवाहतुकीच्या देशात या सोयीचे मोल फार मोठे होते. तक्त्यावरून भरपाई ठरवण्याची पद्धतही तेव्हाच आली. वय आणि उत्पन्न पाहायचे, दोषाचा पुरावा न मागता रक्कम वाचून घ्यायची. पण वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नालाच तो तक्ता लागू होता, आणि त्यात आकडेमोडीच्या चुका इतक्या होत्या, की १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या एकेक करून दाखवाव्या लागल्या. संसदेने मंजूर केलेल्या तक्त्यात बेरीज-गुणाकार चुकावेत आणि तो तसाच दोन दशकांहून अधिक काळ चालावा, हे या इतिहासातले एक विनोदी पान आहे. नवा तक्ता आला तो २०१८ मध्ये.

ट्रकच्या मागच्या हौद्यात बसून जाणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेले गाव आणि दर हंगामात बीड, अहमदनगरकडून कारखान्यांच्या पट्ट्यात उतरणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या यांनी वर्षानुवर्षे ट्रकनेच प्रवास केला. मालवाहू गाडीत माणसे नेणे परवान्याच्या विरुद्ध, त्यामुळे ट्रक उलटला की कंपनी हात झटकत असे. सन २००० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, १९८८ च्या कायद्यातल्या ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत असे फुकट प्रवासीही येतात, असे म्हटले. सुमारे तीन वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, मोठ्या पीठाने ते मत फिरवले. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला असेल, तर त्याला १९९४ पासून विम्याचे संरक्षण आहे. गाडीवर चढउतारासाठी ठेवलेल्या मजुरालाही तेव्हा कामगार भरपाई कायद्याच्या मापाने ते होते. वऱ्हाडी मात्र बाहेर. २००४ मध्ये मधला तोडगा निघाला, की आधीच्या निकालावर विसंबून असलेल्यांना कंपनीने पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत. नियमापुरता विचार केला तर २००२ चा निकाल बरोबर वाटतो. पण हौद्यात बसणारा माणूस चैनीखातर तिथे बसत नव्हता, ही गोष्ट त्या निकालात कुठेच मोजली गेली नाही.

आता मोजमापाकडे. किती पैसे द्यायचे, याचे गणित बराच काळ न्यायाधीशागणिक बदलत असे. सारख्याच दोन मजुरांना दोन जिल्ह्यांत दुप्पट-तिपटीच्या फरकाने रकमा मिळत. नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने ‘गुणक’ पद्धत, म्हणजे वार्षिक नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणण्याची रीत, हीच योग्य असे सांगितले. २००९ मध्ये सरला वर्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी गुणकांचा तक्ताच घालून दिला. पंचविशीपर्यंत १८, सव्वीस ते तिशीपर्यंत १७, मग वयाबरोबर उतरत जात पासष्टीच्या पुढे ५. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने भविष्यातल्या उत्पन्नवाढीचा हिशेबही ठरवून दिला. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगारावर काम करणाऱ्याचे वय चाळीसच्या आत असेल, तर उत्पन्नात ४० टक्के वाढ धरायची. कायम नोकरी असेल तर ५० टक्के.

हे सारे निकाल मुख्यतः मृतांचे होते. वाचलेल्या माणसाची मोजणी अधिक अवघड, आणि तिचा नीट विचार झाला तो २०१० मध्ये, पुन्हा न्यायमूर्ती रवींद्रन यांच्याच हातून. डॉक्टरच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते, पण ती अनेकदा त्या एका अवयवापुरती असते. न्यायाधिकरणाने विचारायचे ते निराळेच. या माणसाच्या कमाईवर प्रत्यक्ष परिणाम किती झाला? डावा हात तुटलेला सुतार किंवा चालक आपल्या धंद्यातून जवळजवळ पूर्ण उठतो. तोच हात गमावलेला सरकारी कारकून कदाचित नोकरीत राहतो. दाखल्यावरचा आकडा दोघांचा सारखा, नुकसान मात्र वेगळे. औषधोपचार, बुडालेली मजुरी, पुढचे उपचार, वेदना आणि आयुष्यातले हुकलेले सुख यांची खाती त्याच निकालाने वेगवेगळी लावून दिली.

हे गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. तीस वर्षांचा, महिन्याला १५,००० रुपये मिळवणारा गवंडी ट्रकच्या धडकेत पाय गमावतो. ४० टक्के भावी वाढ धरून उत्पन्न २१,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,५२,०००. त्याच्या कमाईची क्षमता ६० टक्क्यांनी घटली असे न्यायाधिकरणाने मानले, तर वार्षिक नुकसान १,५१,२०० रुपये. वयाचा गुणक १७. कमाईच्या नुकसानीपोटी रक्कम होते २५,७०,४०० रुपये. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चाचा वाटा वजा करतात. इथे माणूस जिवंत आहे आणि खाणारही आहे, म्हणून तशी वजावट नाही. दवाखान्याचा खर्च, कृत्रिम पाय, वेदना आणि व्याज याच्या वर. मात्र हे सारे उभे राहते कागदावर. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, ट्रकचा विमा, परवाना आणि तंदुरुस्तीचा दाखला, औषधांच्या पावत्या, अपंगत्वाचे प्रमाणपत्र. गवंड्याच्या मजुरीची पावती कोणीच देत नाही. त्यामुळे १५,००० चे ८,००० धरले जाणे आणि रक्कम तिथेच निम्म्यावर येणे ही नेहमीची गोष्ट. चालकाची फौजदारी खटल्यातून सुटका झाली, तर मात्र दावा त्यामुळे कोसळत नाही. तिथे संशयाला जागा नको असते, इथे कोणते पारडे जड एवढेच पाहतात.

लहान मुलीची मोजणी कशी करायची? २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला ट्रकच्या धडकेत मेंदूची अशी इजा झाली होती, की तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या आधारानेच जगावे लागणार होते. न्यायालयाने चोवीस तास लागणाऱ्या सोबतीचा खर्चही गुणकाने मोजला आणि रक्कम २५ लाखांच्या घरातून ६२ लाखांवर नेली. घरात आई उठबस करते म्हणून ती सेवा फुकट धरायची नाही, हा यातला खरा मुद्दा. २०२१ च्या आणखी एका निकालात गृहिणीच्या कामाचे मोल धरण्याबाबतही न्यायालयाने सविस्तर लिहिले.

२०१६ मध्ये संसदेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात विमा कंपनीच्या जबाबदारीवर पुन्हा झाकण घालण्याचा प्रस्ताव होता. मृत्यूसाठी १० लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५ लाख. वरच्या गवंड्याचा हिशेब पाहिला, की त्यावर टीका का झाली ते कळते. नितीन गडकरी रस्ते वाहतूक मंत्री असताना २०१९ मध्ये झालेल्या कायद्यात हे आकडे उरले नाहीत. त्या कायद्याची भरपाईविषयक कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. अज्ञात वाहनाच्या धडकेची रक्कम मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये झाली, दोष न पाहता मिळणारी रक्कम ५ लाख आणि अडीच लाख झाली. पोलिसांनी ४८ तासांत पहिला, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असे वेळापत्रकही आखले गेले. कागद गोळा करण्याचे ओझे जखमीच्या नातेवाइकांवरून तपासी अंमलदाराकडे नेण्याचा हा प्रयत्न दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीत आधी राबवून पाहिलेल्या पद्धतीवर बेतलेला होता.

चालक पळतो का, हा प्रश्न मात्र भरपाईच्या कायद्याने सुटण्यासारखा नव्हता. नव्या भारतीय न्याय संहितेत, माणूस मारून खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या ट्रक आणि टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव ठार मारील आणि पळालो तर दहा वर्षे, असे चालकांचे म्हणणे होते, आणि त्यातला पहिला भाग खोटा म्हणता येत नाही. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम तेवढे बाजूला ठेवले गेले.

परवान्याची जुनी पळवाटही थोडी आणखी आवळली गेली. हलक्या मोटारीचा परवाना असलेला चालक छोटा टेम्पो किंवा मालवाहू गाडी चालवत होता, म्हणून कंपन्या जबाबदारी नाकारत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंत वजनाच्या मालवाहू गाडीला तो परवाना पुरतो, असे ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तावर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न घेता उपचार करण्याची योजना अधिसूचित केली. कायद्याने मिळणारे भरपाईचे पैसे येईपर्यंत शस्त्रक्रियेसाठी सोने गहाण ठेवावे लागणाऱ्या कुटुंबांसाठी ही मदत होती.

आणि मुदत? १९५६ मध्ये ६० दिवस, १९६९ च्या दुरुस्तीने सहा महिने, १९९४ मध्ये रद्द. २०१९ च्या कायद्याने ती परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे बंधनकारक झाले. त्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. १९९४ मध्ये मुदत काढून टाकताना जे कारण पुढे आले होते, तेच आव्हान देणाऱ्यांनीही मांडले, की मोडलेली हाडे सांधत असलेल्या माणसाला कॅलेंडर पाहायला सवड नसते.